दोनशेची रेघ

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात देशभरात आठ रुग्णालयं होती, त्यांत मुंबईचं जे. जे.ही होतं. मराठवाड्यात ही बातमी पोचली तेव्हा ज्यांच्या घरात हे दुखणं होतं त्यांनी आधी जाण्यायेण्याचा खर्च काढला. पुढची अट तिथे गेल्यावर कळायची. नुसती लागण असून भागत नव्हतं. एड्सचं एखादं गंभीर दुखणं तरी जडलेलं असायला हवं, नाहीतर रक्तातल्या सीडीफोर पेशी एका घन मिलिमीटरला दोनशेच्या खाली उतरलेल्या असायला हव्यात. अडीचशे भरल्या आणि माणूस हिंडताफिरता असला, तर उत्तर मिळायचं: अजून वेळ आहे, सहा महिन्यांनी परत या.

माणूस रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवायचा. आकडा चांगला आला म्हणून बरं वाटून घ्यायचं, की औषध मिळालं नाही म्हणून रडायचं, हे त्याला कोणी सांगू शकत नव्हतं.

या रेघेचा इतिहास मला सांगायचा आहे. ती आली कुठून, पुसली कोणी, आणि माणसं रेघेपाशी थांबलेली असताना शरीरातल्या पेशी काय करत होत्या. ती रेघ शास्त्राने थोडी आणि टंचाईने जास्त आखली होती, असं माझं मत आहे. आणि ती पुसण्यात पुण्याच्या काही जोडप्यांचा हात होता, ज्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शहराचं प्रत्येक गाऱ्हाणं एकदा तरी येऊन जातं. मोर्चे इथूनच सुटतात. १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातल्या शिपायांनी इथे बंड केलं आणि त्यांना याच जागी, काळ्या चबुतऱ्यावर, मरणाची शिक्षा झाली. चौकाचं नाव त्यांच्यामुळे. १ डिसेंबरला लाल फिती लावलेल्या नर्सिंगच्या मुली इथे दिसतात. घोषणा असतात तपासणीच्या, निरोधच्या, भेदभाव करू नका अशा. पेशींची गोष्ट घोषणेत बसत नाही, त्यामुळे ती राहून जाते. पण चौकापासून बस स्टँड जवळ आहे, आणि सीडीफोर मोजण्याची सोय मोठ्या शहरांपुरतीच होती त्या वर्षांत पुण्या-मुंबईची रात्रीची एसटी धरणाऱ्यांत या एका आकड्यासाठी निघालेली माणसंही असत. शेजारच्या सीटवरच्याला ती सांगत, नातेवाइकाकडे चाललोय.

या पेशीची ओळख जगाला पटली तीच मुळी ती नाहीशी होताना. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापून आली. धडधाकट माणसाला सहसा न होणारा एक न्यूमोनिया त्यांना झाला होता. त्यांना तपासणारे मायकेल गॉटलिब हे प्रतिकारशास्त्राचे तरुण डॉक्टर. नुसत्या पांढऱ्या पेशी मोजून ते थांबले नाहीत, त्यांतले प्रकार वेगळे करून पाहिले, आणि एक प्रकार जवळजवळ गायब आढळला. असं वेगळं करून पाहण्याचं साधन तेव्हा नवंकोरं होतं. एकाच खुणेवर बसणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत हवी तेवढी बनवण्याची युक्ती १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी काढली, आणि तिच्यातून टी पेशींच्या खुणा ओळखणारी प्रतिपिंडं तयार झाली ती सत्तरचं दशक संपता संपता. साथ दहा वर्षं आधी आली असती तर माणसं मरताना दिसली असती, पण त्यांच्या रक्तातून काय गेलं ते कोणाला दिसलं नसतं.

गेली होती ती मदतनीस टी पेशी. तिच्या अंगावरची खूण म्हणजे सीडीफोर. लग्नघरात एक कर्ता माणूस असतो. तो स्वतः भाजी चिरत नाही, पंगत वाढत नाही, पण आचारी, मांडववाला आणि भटजी सगळे त्याच्याकडे बघून कामाला लागतात, आणि तो आजारी पडला की भरल्या मांडवात गोंधळ माजतो. सीडीफोर पेशी तशी आहे. जंतूला मारण्याचं काम बहुतेक वेळा ती स्वतः करत नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना ती चालना देते, लागण झालेल्या पेशी ठार करणाऱ्या सीडीएट पेशींना तयार ठेवते, भक्षक पेशींना जागं करते. ती गेली की बाकीच्या पेशी रक्तात असूनही क्षयाचा जंतू मोकाट सुटतो, तोंडात बुरशी धरते, मेंदूच्या आवरणाला सूज येते.

विषाणू सापडला १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या प्रयोगशाळेत. पुढच्याच वर्षी लंडन आणि पॅरिसच्या दोन गटांनी दाखवून दिलं की सीडीफोर ही नुसती ओळखीची खूण नाही, विषाणू आत शिरतो तो तिलाच धरून. १९९६ मध्ये दुसरा अडसरही कळला: सीसीआर५ नावाचं आणखी एक प्रथिन पेशीवर असल्याशिवाय बहुतेक विषाणूंना आत जाता येत नाही. उत्तर युरोपातल्या काही लोकांत हे प्रथिन जन्मतःच बनत नाही आणि त्यांना लागण सहसा होत नाही. आपल्याकडे हा जनुकीय बदल जवळपास आढळत नाही.

भारतात विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला हा विषय प्रबंधाला दिला. भारतात हा रोग येणारच नाही, असं ठामपणे बोललं जाण्याचे ते दिवस. निर्मलांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने घेतले, घरच्या फ्रिजमध्ये जपले आणि रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला, म्हणजे त्यांत लागण होती. सॉलोमन हे सुनीतीबाईंचं लग्नानंतरचं आडनाव. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. १९९३ मध्ये त्यांनी काढलेल्या संस्थेच्या नावातला ‘वाय. आर. जी.’ हा त्या गायतोंडे नावाचाच संक्षेप आहे. ही संस्था पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्याजवळ भोसरीच्या एमआयडीसीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी केली. लोक तिला ‘नारी’ म्हणतात; कागदोपत्री नाव आता बदललं आहे. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांची तपासणी आणि पाठपुरावा या संस्थेने अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मदतीने सुरू केला. त्यातून १९९७ मध्ये एक निबंध आला, पहिलं नाव डॉ. रमण गंगाखेडकरांचं. कोरोनाच्या काळात दूरदर्शनवर रोज दिसणारे तेच हे डॉक्टर. दवाखान्यात आलेल्या ज्या स्त्रिया देहविक्रय करत नव्हत्या, त्यांच्यातल्या १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता, आपल्या नवऱ्याशी.

या आकड्यापाशी मला दरवेळी थांबावंसं वाटतं. तोवर ‘धोक्याचे गट’ अशी भाषा होती आणि त्या भाषेने घरातल्या बाईला सुरक्षित धरलं होतं. ज्या संसाराच्या भरवशावर तिला निर्धास्त राहायला सांगितलं जात होतं, तिथूनच तिला लागण झाली होती. नवरा आधी गेला की पांढऱ्या पायाची म्हणून बोल तिलाच लागे.

लागण झाल्यापासून माणूस खाटेला खिळेपर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात. ही मधली वर्षं शांत असतात, असं आधी मानलं जाई. विषाणू झोपलेला असतो, असंही म्हणत. प्रत्यक्षात त्यातली एकही रात्र शांत नसते.

विषाणू श्लेष्मल त्वचेतून आत येतो तेव्हा त्याची पहिली गाठ पडते ती पहारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींशी. परका जंतू दिसला की त्याला उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेणं आणि टी पेशींना दाखवणं, हे त्यांचं काम. त्या ते चोख करतात, आणि विषाणूला आयतंच सीडीफोर पेशींच्या गर्दीत नेऊन सोडतात. आतड्याच्या अस्तरात शरीरातल्या सीडीफोर पेशींचा मोठा साठा असतो; तो पहिल्या काही आठवड्यांतच उद्ध्वस्त होतो. रक्ताच्या तपासणीत याचा पत्ता नसतो, कारण रक्तात असतो तो एकूण साठ्याचा लहानसा अंश. माणसाला त्या दिवसांत ताप येतो, अंग दुखतं, घसा धरतो. तो क्रोसिन घेऊन कामाला जातो.

मग सीडीएट पेशी मैदानात येतात. रक्तातला विषाणू त्या झपाट्याने खाली आणतात. माकडांच्या अंगातून या पेशी काढून टाकल्या की विषाणू उसळतो, हे १९९९ मध्ये दोन प्रयोगांनी दाखवून दिलं. पण विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुकतो, आणि त्या चुकांमधून सीडीएटला न ओळखता येणारी रूपं निघतात. १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी औषध देऊन विषाणू किती वेगाने घटतो ते मोजलं, तेव्हा बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसातही रोज अब्जावधी विषाणू तयार होतात आणि मरतात, असा हिशेब निघाला. त्यातही क्रूर गोष्ट २००२ मध्ये उघड झाली. एचआयव्हीला ओळखून जागी होणारी सीडीफोर पेशीच विषाणूच्या तावडीत सगळ्यात आधी सापडते. हाकेला धावून जाण्याची ती शिक्षा. आणि २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी दाखवलं की लसिका ग्रंथीत मरणाऱ्या बहुसंख्य सीडीफोर पेशींमध्ये विषाणूला बस्तान बसवताच आलेलं नसतं. अर्धवट घुसखोरीची चाहूल लागताच पेशी स्वतःला पेटवून घेते, आणि त्या जाळाने आणखी पेशी तिथे ओढल्या जातात.

आकडा साडेसहाशेवरून दोनशेवर येण्यामागे एवढं सगळं घडलेलं असतं.

काही थोड्या माणसांत मात्र असं होत नाही. औषधाशिवाय वर्षानुवर्षं त्यांचा सीडीफोर टिकून राहतो. असं का, हा प्रश्न भोसरीत डॉ. रमेश परांजपे आणि डॉ. माधुरी ठकार यांच्या प्रतिकारशास्त्राच्या गटाने हाती घेतला. जगातलं त्या वेळचं बरंचसं काम अमेरिका-युरोपातल्या ‘बी’ उपप्रकारावर झालेलं होतं, आणि आपल्याकडचा विषाणू बहुतांशी ‘सी’. २००५ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधात भारतीय रुग्णांच्या मारक टी पेशी ‘सी’ विषाणूचे नेमके कोणते तुकडे ओळखतात ते आलं: गॅग आणि नेफ या प्रथिनांतले, सहसा न बदलणारे भाग. ज्या भागात बदल केला तर विषाणूचंच नुकसान होतं, तिथे शरीराने बोट ठेवलं होतं. हे काम आपल्या माणसांच्या रक्तावर झालं, याला माझ्या लेखी मोठं मोल आहे. दुसऱ्यांच्या विषाणूवर बेतलेली लस आपल्याला लागू पडेलच, असं कोणी सांगितलं होतं?

त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला भारतातली एचआयव्ही लसीची पहिली मानवी चाचणी पुण्यात सुरू झाली. डॉ. संजय मेहेंदळे तिचे प्रमुख. एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात ‘सी’ उपप्रकाराचे काही जनुक घालून ती लस बनवली होती. ३० निरोगी स्वयंसेवक हवे होते आणि ते मिळाले. ‘एड्सची लस टोचून घेतली’ हे वाक्य घरी, कचेरीत, लग्नाच्या बोलणीत कसं ऐकू आलं असेल, याची कल्पना करा. लस सुरक्षित ठरली, पण तिने जागवलेल्या टी पेशींची संख्या अगदी तुटपुंजी होती, आणि ही लस पुढे गेली नाही. दोन वर्षांनी परदेशातली एक मोठी चाचणीही बंद करावी लागली. तिची लस टी पेशी जागवत होती, तरी लागण थांबत नव्हती. पुण्याच्या त्या तिसांनी दंड पुढे केले, म्हणून हा रस्ता कुठे संपतो ते कळलं. त्यांची आठवण ठेवायला हवी.

खरा गुण देणारा उपचार १९९६ पासून होता. तीन औषधं एकत्र दिली की विषाणू रक्तातून दिसेनासा होतो आणि सीडीफोर वर चढतो, हे तेव्हाच सिद्ध झालं. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीच औषधं दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली आणि जगभरचा हिशेब फिरला. तरी भारतातल्या सगळ्यांना पुरतील एवढे पैसे आणि एवढी केंद्रं नव्हती. कोणाला आधी द्यायचं ते ठरवायला रेघ लागते. दोनशेच्या खाली मरण जवळ असतं, म्हणून रेघ दोनशेवर. आधीच्या औषधांचे दुष्परिणामही भारी होते, तेव्हा घाई नको, असा वैद्यकीय विचारही त्यात होता. रेघ आखणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण दोनशे हा आकडा रोगाच्या सुरुवातीचा नव्हता, रोगाने बरंच काही खाऊन झाल्यानंतरचा होता.

पुढे मराठवाड्यातही या औषधांची केंद्रं, म्हणजे एआरटी सेंटरं, उघडली, औरंगाबादच्या घाटी या सरकारी रुग्णालयातही. सीडीफोरची तपासणी वरवर साधी. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त, आणि गोठू न देणारं रसायन नळीत आधीच घातलेलं. रक्तात चमकणाऱ्या रंगाची प्रतिपिंडं मिसळतात, ती फक्त सीडीफोर असलेल्या पेशींना जाऊन चिकटतात. मग यंत्र एकेक पेशी बारीक धारेतून लेझरच्या उजेडासमोरून जाऊ देतं. जी चमकली ती मोजली. नळी दोन दिवसांच्या आत यंत्रापर्यंत पोचलीच पाहिजे, नाहीतर आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून लांबच्या तालुक्यातून येणाऱ्याला ठरावीक वारीच यावं लागे. पाच वर्षांखालच्या मुलांत नुसता आकडा चालत नाही, कारण त्यांच्यात या पेशी मुळातच जास्त असतात. तिथे टक्केवारी बघतात. बीडजवळ पालीला बारगजे दांपत्याच्या ‘इन्फंट इंडिया’त आणि लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांच्या ‘सेवालया’त अशी बाधित मुलं वाढली, ज्यांना स्वतःचा सीडीफोर पाढ्यांसारखा तोंडपाठ असे.

रेघेला पहिला धक्का बसला जानेवारी २००६ मध्ये. आकडा साडेतीनशेच्या वर असेल तर औषध थांबवावं आणि अडीचशेवर आला की पुन्हा सुरू करावं, असं करून पाहणारी एक आंतरराष्ट्रीय चाचणी मध्येच आवरावी लागली. औषध थांबवलेल्यांत मृत्यू जास्त होत होते, हृदयविकारसुद्धा. विषाणू मोकळा असेपर्यंत प्रतिकारयंत्रणा सतत पेटलेली राहते आणि तो दाह अख्ख्या शरीराला जाळतो, ही गोष्ट त्यातून ठसली.

दुसरा धक्का बसला, त्यात पुणं होतं. ‘एचपीटीएन ०५२’ नावाच्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी सामील झाली. दोघांपैकी एकाला लागण, दुसऱ्याला नाही. बाधिताचा सीडीफोर साडेतीनशे ते साडेपाचशेच्या मधला, म्हणजे तेव्हाच्या नियमाने औषध न मिळण्याजोगा. निम्म्यांना औषध लगेच दिलं, बाकीच्यांना आकडा अडीचशेवर उतरल्यावर. भारतातली दोन केंद्रं होती भोसरीची ‘नारी’ आणि चेन्नईची सुनीतीबाईंची वाय. आर. जी. केअर. मे २०११ मध्ये निकाल जाहीर झाला. बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याची खात्री पटलेली २८ माणसं निघाली, त्यांतली २७ उशिरा औषध मिळालेल्या गटातली. ज्यांना औषध लगेच मिळालं, त्या गटात एकच. संरक्षण ९६ टक्के.

१९९७ च्या निबंधातली बाई आणि २०११ च्या निकालातली बाई यांच्यात चौदा वर्षांचं अंतर आहे. पहिलीला नवऱ्याकडून लागण झाली हे विज्ञानाने मोजलं. दुसरीच्या नवऱ्याला वेळेवर गोळी मिळाली, म्हणून तिला ती झाली नाही. ही जोडपी महिन्यामागून महिने दोघं मिळून दवाखान्यात आली, रक्त दिलं, अंथरुणातल्या खाजगी प्रश्नांची उत्तरं परक्या माणसाला दिली. पुण्यासारख्या शहरात, शेजारपाजार सांभाळून.

त्यानंतर रेघ सरकत गेली. साडेतीनशे, मग पाचशे. २०१५ मध्ये आणखी एका मोठ्या चाचणीने आकडा पाचशेच्या वर असतानाच औषध सुरू करणं हिताचं असल्याचं दाखवलं, आणि २०१७ मध्ये भारताने रेघच काढून टाकली: तपासणीत लागण निघाली की औषध सुरू, सीडीफोर कितीही असो. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षी झाला. सुनीतीबाई ते पाहायला नव्हत्या. २०१५ च्या जुलैत त्या गेल्या.

रुग्णांच्या बोलण्यातून आता ‘सीडीफोर’ मागे पडतोय, ‘व्हायरल लोड’, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, पुढे येतोय. तरी ही पेशी अजून सुटलेली नाही. जागी असलेली सीडीफोर पेशी विषाणूच्या हाती लागली की सहसा मरते, पण काही पेशी मरायच्या आधी विश्रांतीत जातात, स्मृतिपेशी होतात, आणि विषाणूचे जनुक आपल्या जनुकांत शिवून घेऊन वर्षानुवर्षं गप्प राहतात. औषधाला त्या दिसत नाहीत, सीडीएटलाही दिसत नाहीत. हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, असं बाल्टिमोरच्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने मोजलं; त्या हिशेबाने तो पुरता संपायला सत्तरहून जास्त वर्षं हवीत. बर्लिनमध्ये टिमोथी ब्राउन एचआयव्हीतून पूर्ण बरे झाले, ते सीसीआर५ नसलेल्या दात्याच्या मूलपेशी घेऊन, आणि तेही रक्ताचा कर्करोग झाला होता म्हणून. घाटीत गोळ्या न्यायला आलेल्या माणसाला तो मार्ग देता येत नाही. त्याला रोजची गोळी आहे, आणि तिच्या जोरावर तो इतरांइतकं जगू शकतो.

आणि अजूनही काही जण तपासणीलाच उशिरा येतात, दम लागतो म्हणून, वजन उतरलं म्हणून, खोकला जात नाही म्हणून. त्यांचा पहिलाच आकडा शंभर-दीडशे येतो. अशा माणसाला जुन्या रेघेनेही परत पाठवलं नसतं. क्षयाची आणि मेंदूच्या बुरशीची तपासणी आधी होते आणि औषध चालू होतं, पण तोपर्यंत आतड्यातला साठा कधीच गेलेला असतो, आणि त्यातला बराचसा पुन्हा भरून येत नाही.